जुना संगणक, नवा मॉनिटर आणि मधली पेटी

(सेलू येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

पुढच्या रांगांत शाळेची मुलं आहेत, त्यांचे सर आहेत आणि मागे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेली दोन-चार माणसंही दिसतायत. तेव्हा मी मधल्या पट्टीत बोलतो. मुलांना अवघड गेलं तर हात वर करा, आणि मेकॅनिक मंडळींना फारच सोपं वाटलं तर सांभाळून घ्या.

विषय असा आहे. शाळेच्या अडगळीत, एखाद्या जिनिंगच्या ऑफिसात, कुणाच्या माळ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकातला संगणक पडलेला असतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, ‘टूं’ असा आवाजही येतो. पण पडदा काळा. जुना मॉनिटर गेलेला असतो. मग कुणीतरी नवा चपटा मॉनिटर आणतं. पिन बसत नाही. कशीबशी जोडाजोड करून बसवली तर पडद्यावर येतं ‘नो सिग्नल’, नाहीतर ‘आउट ऑफ रेंज’. लोक म्हणतात, संगणक मेला. आणि तो किलोच्या भावानं भंगारात जातो. तो मेलेला नसतो हो. तो बोलत असतो, ऐकणाऱ्याला त्याची भाषा येत नसते.

सेलूत हे समजावून सांगणं मला सोपं आहे, कारण तुमच्याकडे रेल्वे आहे. ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल, नव्वदच्या दशकात गेज बदललं, त्याआधी आपली ही लाइन मीटरगेज होती. दोन रुळांत एक मीटर अंतर. आणि मनमाडहून पुढे मुंबईकडे ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर. इथून निघालेली कापसाची गाठ मुंबईला जायची तर मनमाडला मीटरगेजच्या वाघिणीतून उतरवायची आणि ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायची. गाठ तीच, कापूस तोच, गाडी वेगळी. आज आपण ज्या पेटीबद्दल बोलणार आहोत, व्हिडिओ अॅडॉप्टर म्हणा, कन्व्हर्टर म्हणा, ती म्हणजे मनमाडचं ते यार्ड. माल एका गाडीतून उतरवायचा, दुसऱ्या गाडीत भरायचा. सगळी कला यात आहे की उतरवताना गाठ फुटता कामा नये.

आता दोन गेज कोणते ते बघू.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत एक इलेक्ट्रॉनचा झोत असतो. तो डावीकडून उजवीकडे एक रेघ मारतो, पटकन परत येतो, खालची रेघ मारतो. पाटीवर आपण ओळी लिहितो तसं. आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत एका पूर्ण चित्रात ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा. १५,६२५. म्हणजे सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस रेघा. याला म्हणायचं १५.६२५ किलोहर्ट्झ. एका रेघेच्या वाट्याला आले ६४ मायक्रोसेकंद. त्यातले ५२ दिसणाऱ्या भागाचे, बाकीचे झोत परत आणण्याचे. मुलांनो, हे आकडे लिहून घ्या, पुढे लागणार आहेत.

ऐंशीच्या दशकातले घरगुती संगणक याच हिशोबावर बांधले गेले. कारण साधं होतं. वेगळा मॉनिटर महाग, टीव्ही घरात आहेच. संगणक टीव्हीला लावा. पुढे १९८७ साली आयबीएमनं व्हीजीए आणलं आणि रेघांचा वेग दुप्पट झाला, ३१.४७ किलोहर्ट्झ. आजचे मॉनिटर तिथून पुढचंच ओळखतात. बहुतेकांच्या माहितीपत्रकात आडव्या वारंवारतेची खालची मर्यादा ३० किलोहर्ट्झ लिहिलेली असते. म्हणजे पंधराची गाडी तीसच्या रुळावर आली. ती चालणार कशी?

म्हणून बाजारात मिळणारी साधी ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ वायर इथे कामाची नाही. ती पिन बदलते, सिग्नल डिजिटल करते, पण गेज बदलत नाही. आणि एक सांगून ठेवतो, दुकानात ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ अशा दोन डब्या शेजारी-शेजारी असतात, दिसायला जुळ्या बहिणी. आपल्याला पहिली हवी. घरी येऊन डोकं खाजवण्याआधी डबीवरचं ‘इनपुट’ वाचा.

आपल्याकडे कोणते संगणक सापडतात, त्यावर सगळं अवलंबून आहे. मी तीन प्रकार सांगतो.

पहिला स्पेक्ट्रम. मूळचा ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीचा, १९८२ सालचा. पण आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे १९८८ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन त्याची ‘स्पेक्ट्रम प्लस’ ही आवृत्ती भारतात आणली. ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. काळा, चपटा, कीबोर्डमध्येच सगळा संगणक, प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. याचं चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचं. स्पेक्ट्रममध्ये पत्र्याची एक लहान डबी असते, मॉड्युलेटर. ती चित्राला टीव्हीच्या चॅनलवर बसवते, म्हणजे संगणक हे एक छोटंसं प्रक्षेपण केंद्रच असतं. ब्रिटिश स्पेक्ट्रम यूएचएफच्या छत्तिसाव्या चॅनलवर बोलतो. तुमच्या चपट्या टीव्हीला अजून अँटेनाचा जॅक आणि अॅनालॉग ट्यूनर असेल तर आधी ऑटो सर्च करून बघा. पेटीबिटी काही न घेता चित्र येऊ शकतं. धुरकट येईल, पण संगणक जिवंत आहे का मेलाय हे कळेल. पुढची पायरी म्हणजे त्या डबीत जाण्याआधीच सिग्नल उचलायचा आणि टीव्हीच्या पिवळ्या जॅकला द्यायचा. दोन तारांचं काम आहे, सोल्डर गन हातात धरता येणाऱ्याला दहा मिनिटांचं.

दुसरा बीबीसी मायक्रो. १९८४-८५ साली केंद्र सरकारनं शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, सुरुवातीला सुमारे २५० शाळांत. त्यात हे एकॉर्न कंपनीचे संगणक आले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ‘युनिकॉर्न’ नावानं त्याची भारतीय आवृत्तीही काढली. आज पन्नाशीत असलेल्या कित्येकांनी संगणक पहिल्यांदा पाहिला तो हा. याच्या पाठीमागे टीव्हीचा जॅक आहे, साध्या व्हिडिओचा जॅक आहे, आणि सहा पिनांचा एक गोल जॅक आहे. त्यातून लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळ्या तारांवर येतात. पेटी लावायची तर या गोल जॅकला. कारण सांगतो.

साध्या व्हिडिओत, म्हणजे त्या पिवळ्या वायरमध्ये, उजेड-अंधार आणि रंग एकाच तारेवर मिसळलेले असतात. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास बसवलेली असते. बीबीसी मायक्रोच्या ऐंशी अक्षरी ओळीत ठिपके इतके बारीक असतात की ते सेकंदाला १ कोटी ६० लाखांच्या वेगानं येतात. एक काळा, एक पांढरा अशी नक्षी आली की ती ८ मेगाहर्ट्झ झाली. पिवळ्या वायरच्या वाटेत ही बारीकी तर जातेच, वर टीव्ही थोड्या जाड नक्षीला रंग समजून बसतो. काळ्या-पांढऱ्या अक्षरांच्या कडांना इंद्रधनुष्य दिसतं ते त्यामुळे. पोहे आणि साखर एका पिशवीत भरून आणायचे आणि घरी निवडत बसायचं, तसला प्रकार. वेगळ्या पिशव्यांची सोय असताना मिसळायचं कशाला?

तिसरा प्रकार आयबीएम जातीचा पीसी, आणि त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे. एक तर आपल्या भागातल्या ऑफिसांत तोच सापडतो. आणि दुसरं म्हणजे त्यातच आपली मराठी अडकलेली आहे.

१९८१ साली पीसी आला तेव्हा दोन प्रकारची कार्डं होती. एक मोनोक्रोम, फक्त अक्षरं दाखवणारं, पण अक्षरं सुरेख, ७२० बाय ३५० ठिपक्यांत. दुसरं सीजीए, रंगीत, पण ओबडधोबड. मोनोक्रोमवर इंग्रजी अक्षरं आणि चौकटी सोडून काही उमटवता येत नसे. १९८२ साली हर्क्युलीस नावाचं कार्ड आलं. त्याच्या कर्त्याला आपला प्रबंध थायी लिपीत लिहायचा होता आणि पीसी थायी अक्षरं दाखवेना. म्हणून त्यानं मोनोक्रोम मॉनिटरवरच ७२० बाय ३४८ असे सुटे ठिपके काढता येतील असं कार्ड बनवलं. म्हणजे बघा, ज्या कार्डानं आपल्या हिरव्या-पिवळ्या पडद्यांवर देवनागरी दिसणं शक्य केलं, त्याच्या मुळाशी इंग्रजीत न बसणारी दुसरी एक लिपी होती. काना, मात्रा, वेलांटी हे सगळं ठिपक्या-ठिपक्यानं काढणारे डॉसचे प्रोग्रॅम पुढे या कार्डावर चालले.

आता या कार्डाची गंमत अशी की ते टीव्हीच्या गेजचं नाही आणि व्हीजीएच्याही नाही. त्याच्या रेघा सेकंदाला १८,४३२. नॅरोगेज म्हणा! म्हणून एव्ही टू एचडीएमआय डबी इथे निरुपयोगी. १८ किलोहर्ट्झ चालतं असं जिच्यावर स्पष्ट लिहिलं आहे तीच पेटी लागते.

आणि एक धोक्याची गोष्ट. मोनोक्रोम, सीजीए आणि त्यानंतरचं ईजीए, तिघांचाही जॅक एकच, नऊ पिनांचा. बाहेरून ओळखू येत नाही. मोनोक्रोममध्ये सहाव्या पिनेवर उजळपणा, सातव्या पिनेवर चित्र, आठव्या-नवव्या पिनेवर आडवा-उभा सिंक. सीजीएमध्ये तीन, चार, पाचवर लाल, हिरवा, निळा. सिंक तिथेच, पण वेग वेगळा. जुना मोनोक्रोम मॉनिटर चुकीच्या कार्डाला लावून चालू ठेवला तर त्याची ईएचटी जळू शकते. आणि या सिग्नलचा दाब ५ व्होल्टच्या हिशोबाचा, तर व्हीजीएच्या रंगाच्या पिनेला पाहिजे ०.७ व्होल्ट. नऊ पिनांतून तारा ओढून थेट पंधरा पिनांच्या जॅकला लावणारे मी पाहिलेत. तसं करू नका. मॉनिटरच्या आतला भाग त्यासाठी बांधलेला नाही.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल.

एका निवृत्त शिक्षिकेनं, त्यांना बाईच म्हणतो, तीस वर्षांपूर्वी मानवत, जिंतूरकडच्या गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. वह्यांतून त्या संगणकावर उतरवल्या. संगणक ३८६, चाळीस एमबीची हार्ड डिस्क, अंबर रंगाचा मोनोक्रोम मॉनिटर आणि देवनागरीचा एक डॉसचा प्रोग्रॅम. पुढे घर बदलताना वह्यांना वाळवी लागलेली निघाली. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या आज नाहीत. राहिला तो हा संगणक, आणि त्याच्या मॉनिटरची ईएचटी गेलेली.

तुम्ही म्हणाल, हार्ड डिस्क काढा आणि आजच्या लॅपटॉपला लावा, पडदा कशाला पाहिजे? बरोबर प्रश्न आहे, आणि शंभरातल्या पुष्कळ वेळा हेच करावं. पण इथे दोन अडचणी होत्या. त्या काळातल्या छोट्या डिस्क जुन्या पत्त्याच्या पद्धतीनं चालतात, म्हणजे सिलिंडर, हेड, सेक्टर असे तीन आकडे सांगावे लागतात. आजच्या यूएसबी डब्या सरळ अनुक्रमांक मागतात. डिस्क फिरते, आवाज येतो, लॅपटॉप मात्र ओळख दाखवत नाही. दुसरं म्हणजे फायली निघाल्या तरी वाचणार कशा? आज देवनागरीला युनिकोड आहे. त्याआधी १९९१ साली इस्की हे भारतीय प्रमाण ठरलं. फाइल इस्कीत असती तर रूपांतर करणं जमलं असतं. पण या प्रोग्रॅमनं अक्षरांचे आकडे स्वतःच्या मनानं दिलेले. बाहेर उघडलं की ग्रीक अक्षरं आणि चौकटींचे तुकडे. बरं, प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर नेऊन चालवावा तर प्रिंटरच्या पोर्टला एक कुलूप, ते नसलं तर तो उघडतच नाही. म्हणजे त्या ओव्या वाचायची जगात एकच जागा होती, तो संगणक. आणि त्याला डोळा नव्हता.

तेव्हा पेटी लावायची ठरलं. लावण्याआधी उघडून दोन गोष्टी पाहिल्या. बोर्डवर घड्याळाची बॅटरी असते, ती जुनी झाली की पाझरते आणि तांब्याच्या रेघा खाते. ती काढून टाकली. मग मीटरनं ५ आणि १२ व्होल्ट तपासले. चालू केल्यावर एक छोटी ‘टूं’ आली. एकच आली म्हणजे आतली तपासणी पार पडली. कार्ड काढून त्यावरची चिप आणि जॅक बघून ते हर्क्युलीस जातीचं आहे याची खात्री केली.

पेटी वापरली ती ‘आरजीबी टू एचडीएमआय’ या नावानं ओळखली जाणारी. ब्रिटनमधल्या बीबीसी मायक्रोच्या चाहत्यांनी हौसेनं बनवली, आराखडे सगळ्यांना खुले. आत एक चिप संगणकाकडून येणारे ठिपके टिपते आणि रास्पबेरी पाय झिरो नावाचा तळहाताहून लहान संगणक ते एचडीएमआयवर मांडतो.

इथे थोडं गणित आहे. लक्ष द्या, कारण खरी मेख इथेच आहे.

पेटीला संगणकाकडून ठिपके मोजून मिळत नाहीत. तारेवर फक्त चढउतार येतो. कोणत्या क्षणी बघायचं हे पेटीनं ठरवायचं. हर्क्युलीसच्या अक्षरांच्या पद्धतीत एका रेघेत दिसणारे आणि न दिसणारे धरून ८८२ ठिपके असतात, त्यातले ७२० दिसतात. पेटीला ८८२ सांगितलं की ती प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर बघते. चित्र सुईसारखं स्वच्छ. तसं केलं, ‘सी’ आणि बाणाचं चिन्ह पडद्यावर आलं. बाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

मग देवनागरीचा प्रोग्रॅम चालू केला आणि चित्र बिघडलं. अक्षरं दिसत होती, पण काही काने जाडजूड, काही बारीक, आणि पडद्यावर ठराविक अंतरानं उभे पट्टे थरथरत होते. संगणक बिघडला नव्हता. प्रोग्रॅम कार्डाला ठिपक्यांच्या पद्धतीत नेतो, आणि त्या पद्धतीत रेघेतले एकूण ठिपके ८८२ नसतात, ८६४ असतात. दिसणारे ७२०च, पण हिशोब बदलला. पेटी मात्र ८८२ वेळाच डोकावत होती. म्हणजे ७२० ठिपक्यांच्या जागेत ती ७३५ वेळा बघत होती. पंधरा ठिकाणी एकच ठिपका दोनदा मोजला जात होता, आणि त्या जागांच्या आसपास ती बरोबर ठिपक्याच्या काठावर बघत होती. काठावर बघितलं की कधी काळा, कधी पांढरा. आकडा ८६४ केला आणि चित्र बसलं.

हे मी इतकं खोलात का सांगतोय? इंग्रजी अक्षराची एक रेघ थोडी जाड झाली तर वाचणाऱ्याचं काही अडत नाही. पण स्वस्तातल्या पेट्या उलटं करतात. ७२० रकाने ६४० मध्ये कोंबतात. दर नऊ रकान्यांत एक गळतो किंवा शेजाऱ्यात मिसळतो. देवनागरीचा काना त्या पडद्यावर एकाच रकान्याचा असू शकतो. तो गळणाऱ्या रकान्यात आला तर ‘माळ’ची ‘मळ’ होते, ‘कानड’ची ‘कनड’. ओवी ज्यांना पाठ होती त्या असत्या तर त्यांनी दुरुस्त केलं असतं. आता पडदा सांगेल तेच खरं धरायचं आहे. म्हणून मी म्हणतो, पेटी घेताना ती चित्र किती मोठं करते हे विचारू नका, एका रेघेत किती वेळा बघायचं ते आपल्याला ठरवता येतं का, हे विचारा.

पुढचं थोडक्यात. पडदा दिसू लागल्यावर आधी छपाई दिली, कारण प्रोग्रॅमच्या मेनूत शिरायला पडदा लागतोच. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आपल्याकडे वजनकाट्यावर अजून मिळतो, रिबनही मिळते. त्याशिवाय एचडीएमआयचं चित्र लॅपटॉपवर टिपणारी यूएसबी डबी लावून प्रत्येक पानाचं छायाचित्र घेतलं. काही फायली डिस्कच्या खराब भागात होत्या, त्या अर्ध्यावर तुटल्या. त्यांचं काही करता आलं नाही. बाकीच्या आता कागदावर आहेत आणि बाई त्या युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतायत.

आता स्पेक्ट्रम आणि बीबीसीकडे परत येऊ. त्यांच्या पेट्यांचे दोन स्वभाव असतात.

एक स्वभाव रेघ दुप्पट करण्याचा. पेटी एक रेघ ऐकते, लक्षात ठेवते आणि दुप्पट वेगानं दोनदा म्हणते. १५.६२५ चे ३१.२५ झाले, व्हीजीएच्या अगदी जवळ. फक्त एक रेघ साठवायची, म्हणजे उशीर नावापुरता. ‘ओएसएससी’ नावाची खुल्या आराखड्याची पेटी या जातीची. अडचण एकच, चित्रं सेकंदाला ५०च राहतात. दूरदर्शनच्या देशात ५०, पण संगणकाचे बरेच मॉनिटर ५६ ते ७५ च्या मध्येच खूश असतात. काही निमूट घेतात, काही तोंड फिरवतात. टीव्ही सहसा ५० घेतो, म्हणून या कामाला मॉनिटरपेक्षा टीव्ही बरा.

दुसरा स्वभाव पूर्ण चित्र साठवण्याचा. पेटी आख्खं चित्र स्मृतीत घेते आणि आपल्या सोयीनं ६० च्या वेगानं बाहेर देते. मॉनिटर खूश. पण ५० चित्रांची ६० करायची तर दर पाच चित्रांमागे एक पुन्हा दाखवावं लागतं. सरकणारी वस्तू बारीक अडखळते. अक्षरं वाचायला काही फरक पडत नाही, खेळात पडतो.

स्वस्त एव्ही डब्यांचा एक दोष मात्र समजून घ्या. टीव्ही केंद्र चित्र दोन हप्त्यांत पाठवतं, आधी विषम रेघा, मग सम. दर हप्त्यात तीनशे साडेबारा, म्हणजे ३१२.५ रेघा. त्या अर्ध्या रेघेमुळेच दुसरा हप्ता पहिल्याच्या फटीत बसतो. स्पेक्ट्रम पूर्ण ३१२ पाठवतो, त्याला दोन हप्ते ठाऊकच नाहीत. डबी समजते की हेही केंद्राचंच चित्र, आणि दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणते. स्थिर अक्षरं वर-खाली थरथरतात आणि हलणाऱ्या चेंडूला फणीचे दात फुटतात. बीबीसीवर उलट आहे, तो दोन हप्ते करतो, पण ‘स्टार टीव्ही शून्य, एक’ ही आज्ञा देऊन पुढच्या पडद्याला ते बंद करता येतं. फक्त सातव्या मोडमध्ये, तो टेलीटेक्स्टसारखा दिसणारा, तिथे बंद होत नाही.

प्रश्नोत्तरे

एका विद्यार्थ्याने विचारले : सर, मोबाइलवर स्पेक्ट्रमचा इम्युलेटर मिळतो. मग खरा कशाला चालवायचा?

खेळायचं असेल तर इम्युलेटरच चालव बाळा, मीही चालवतो. पण इम्युलेटरला प्रोग्रॅम द्यावा लागतो. तुझ्या काकांनी शाळेत असताना लिहिलेला प्रोग्रॅम घरातल्या कॅसेटवर असेल, तर तो कुठल्याही साइटवर नाही. तो आधी खऱ्या यंत्रात चढला की नाही हे बघायला पडदा लागतो.

मागच्या रांगेतून : जुना पोर्टेबल टीव्ही दुरुस्त केला तर पेटीची गरजच काय?

बरोबर, गरज नाही, आणि चित्र त्याच्यावर सर्वांत छान येतं. त्यासाठीच तो बनला होता. तुम्हाला ईएचटी मिळत असेल तर जरूर करा. मला जुन्या सेटमधून काढलेलीच मिळते, आणि ती किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. पिक्चर ट्यूब तर आता नवी बनतच नाही. पलीकडे चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे तो जमाना गेला. तरी चालू असलेला ट्यूबचा टीव्ही भंगारात देऊ नका. आणि मुलांसाठी सांगतो, बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही दाब साठलेला असतो. मागचं झाकण या काकांच्या समोरच उघडायचं, एकट्यानं नाही.

एका शिक्षकाने विचारले : आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो कपाटात आहे, वीस-पंचवीस वर्षं लावलेला नाही. घरी जाऊन लगेच चालू करून बघू का?

लगेच नको. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या वाटेवर पिवळसर, पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर असतात. वयानुसार त्याला तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि वीज दिली की काही मिनिटांत धूर निघतो. वास तर विचारू नका, वर्ग रिकामा होतो. पॉवर सप्लाय काढून ते दोन कपॅसिटर नवे बसवा, ‘एक्स टू’ जातीचे, साधे चालणार नाहीत. मग मदरबोर्ड न जोडता ५ व्होल्ट मोजा. ते बरोबर आले की जोडा, आणि आधी नुसता आवाज ऐका. चालू केल्यावर ‘बू-बीप’ असा दुहेरी आवाज आला तर निम्मं काम झालं. नुसता ‘बू’ लांबत राहिला तर यंत्र आतच अडकलंय, तिथे पेटीला दोष देऊन उपयोग नाही. आवाज बरोबर आला की मला कळवा, सहा पिनांची वायर मी घेऊन येतो.